साडेतीन नमो मरिया

बहरीनमधल्या आमच्या जनाबियाच्या कंपाउंडमध्ये डेनिस अंकलबद्दल अशी बोलवा होती की ते मशीनपुढे गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि मशीन बरं होतं. सात नंबर व्हिलातल्या बाईंनी म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. लाँड्रीरूममध्ये दिवा बंद, डेनिस अंकल ड्रायरसमोर गुडघ्यांवर, तोंडावर लाल उजेड, ओठ हलताहेत, आणि दोन मिनिटांत ड्रायर गरम. मग कुणी म्हणालं, त्यांच्या खिशात वसईच्या चर्चमधलं पवित्र पाणी असतं. कुणी म्हणालं, शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सेहून आले की त्यांचा हात जास्त चालतो. अकरा नंबरवाल्यांनी तर आपला बिघडलेला टोस्टर त्यांच्या हातात देताना हळूच विचारलं होतं, मेणबत्ती पण आणू का.

खरं एवढंच आहे. ते गुडघे टेकतात, कारण ड्रायरमध्ये ज्योत बघायची फट जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. दिवा बंद करतात, कारण उजेडात निळी ज्योत दिसत नाही. लाल उजेड गॅस पेटवणाऱ्या दांडीचा. खिशात बाटली असते ती साबणाच्या पाण्याची. गॅसच्या सांध्यांना ते पाणी लावायचं, बुडबुडे आले तर गळती आहे. आणि ओठ हलतात, कारण ते वेळ मोजत असतात.

वेळ मात्र ते नमो मरिया या प्रार्थनेत मोजतात. तेवढा भाग अफवेत बरोबर होता.

"माझी आई अंडं उकडायची वीस नमो मरियात," त्यांनी मला सांगितलं होतं. "घरात घड्याळ एकच, ते पण वडलांच्या मनगटावर, आणि वडील शेतावर. मग चुलीपुढं बसायचं आणि म्हणायचं. वीस झाले की अंडं काढायचं. कधी कच्चं नाय निघालं."

"पण आता तुमच्याकडे मोबाइल आहे ना, अंकल."

"बाय, हात पान्यावर. डोळे ज्योतीवर. मोबाइल कशानं बघू? मोकळं काय राहिलं? तोंड."

डेनिस अंकल एकसष्ट वर्षांचे. बुटके, रुंद, डाव्या भुवईला भाजल्याची जुनी खूण. बहरीनमध्ये येऊन त्यांना तीस वर्षं झाली. आधी मनामातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत होते आणि गेली चौदा वर्षं आमच्या कंपाउंडची दुरुस्ती बघतात. नळ, एसी, दिवे, पूलचा पंप, सगळंच बघतात, पण त्यांचं खरं काम म्हणजे गॅस. भिंतीपलीकडे जाळीच्या पिंजऱ्यात सिलिंडर असतात. त्या पिंजऱ्याची पितळी किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात असते आणि तिला लाल कापडाची चिंधी बांधलेली असते. ती चिंधी त्यांच्या आईच्या लुगड्याची. बाकीच्या किल्ल्या ते कुणाच्याही हातात देतात, ही देत नाहीत.

आता माझं सांगते. मी नकला करते. लहानपणापासून करते, त्यात माझा काही इलाज नाही. माणूस बोलायला लागला की माझ्या घशात त्याची जागा तयार होते. बाबा फोनवर ऑफिसशी बोलताना "ॲज पर माय मेल" कसं म्हणतात, आई भाजीवाल्याशी हिंदीत कशी भांडते, सगळं मला येतं. आणि डेनिस अंकल तर माझा हुकमी आयटम होता. पूलपाशी मुलं जमली की मी गुडघे टेकायची, तोंडासमोर मोबाइलचा लाल उजेड धरायची आणि पुटपुटायची, म्मम्मम्म मरिया म्मम्म, मग अंग थरथरवून ड्रायरसारखी सुरू व्हायची. मुलं पाण्यात पडायची हसून. सात नंबरच्या बाईंनी डोळ्यांनी काय पाहिलं असेल ते असो, त्यांच्या मुलानं मात्र मला पाहिलं होतं. अफवेचा उगम शोधायला लांब जायला नको.

एप्रिलमध्ये ड्रायर तापेनासा झाला.

आमच्याकडे बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला बंदी आहे, कंपाउंडच्या नियमावलीत तसं छापलंय. त्यामुळे सगळ्यांची भिस्त लाँड्रीरूमवर. तिथं एक मोठा जुना अमेरिकन गॅस ड्रायर आहे, कुणीतरी कधीतरी सोडून गेलेला. ड्रम फिरायचा, आवाज यायचा, पण तासाभरानं दार उघडलं की टॉवेल दमट आणि कोमट, घामेजलेल्या हातासारखे. एका आठवड्यात तीन तक्रारी गेल्या.

मंगळवारी सकाळी ताहिरभाई आले. ताहिरभाई म्हणजे आमचे नवे मॅनेजर, हैदराबादचे, गोड माणूस. त्यांची नक्कल करायला लागलं की माझं पोट आपोआप पुढे येतं. मी आईची बास्केट घेऊन लाँड्रीरूमच्या दारात उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

"क्या डेनिसभाई, कैसे हैं. बैठो बैठो, उठो नक्को."

डेनिस अंकल बसलेलेच होते, ड्रायरच्या मागे.

"मालिक का फोन आया था," ताहिरभाई म्हणाले. "बोले मशीन पुरानी, डेनिसभाई भी… मतलब, उमर हो गई. गॅस का मामला है ना. कल कुछ हो गया तो? मैं तो नई बोला, मालिक बोले. गॅस का काम कंपनी को दे देते. आप गार्डन-बत्ती देख लो, आराम से."

डेनिस अंकलनी हातातला पाना खाली ठेवला.

"और वो एक बात सुना मैं," ताहिरभाईंनी आवाज खाली आणला. "आप दुआ पढ के मशीन चलाते बोलते लोगां. मालिक तक बात गई. मेरे को हँसी आई, उनको नई आई."

माझ्या हातातली बास्केट एकदम जड झाली.

"ये मशीन मैं करेगा," डेनिस अंकल म्हणाले.

"गुरुवार दोपहर बारा बजे तक. हो गया तो मैं मालिक को बोलता, इंशाल्ला. नई हुआ तो वो पिंजरे की चाबी मेरे को दे देना. बुरा नक्को मानो."

ताहिरभाई गेले.  डेनिस अंकल स्वतःशीच म्हणाले, "गार्डन-बत्ती." आणि पाना उचलला.

मी आत गेले. खरं सांगून टाकायला गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "अंकल, मी मदत करू? मला सुट्टीच आहे."

"बॅटरी धर," ते म्हणाले.

मंगळवार असा गेला. आधी त्यांनी सगळं साधं साधं पाहिलं. सिलिंडर हलवून पाहिला, भरलेला होता. गॅसची चावी उघडी. दाराचं बटन ठीक. दारातली जाळी, जिच्यात कपड्यांची सुटलेली लव अडकते, ती स्वच्छ. मग खालचा पत्रा काढला, दिवा बंद केला आणि गुडघ्यांवर बसले. मी शेजारी पोटावर आडवी झाले, तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. आत बोटाएवढी दांडी हळूहळू लाल, मग नारिंगी, मग जवळजवळ पांढरी. डेनिस अंकल पुटपुटत होते. टक् असा आवाज आला, मग फूऽस् करून निळी ज्योत आडवी पसरली, आणि दांडी विझली.

"साडेतीन," ते म्हणाले. "बरोबर. नेहमी साडेतीनला पेटतं."

"मग बिघडलंय काय?"

"गप. ऐक."

ते म्हणत राहिले. बोटांवर मोजत होते. आठवं बोट मुडपलं आणि ज्योत गेली. आम्ही थांबलो. ड्रम फिरत होता, आत अंधार. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पुन्हा दांडी लाल, साडेतीन, ज्योत, आणि आठव्याला पुन्हा अंधार.

"ओल्या टॉवेलांना निदान तीस तरी जळायला पाहिजे," ते म्हणाले. "आठात काय सुकणार? रुमाल पण नाय."

बुधवारी मी तयारी करून गेले. रात्री ड्रायरच्या दुरुस्तीचे सहा व्हिडिओ पाहिले होते, त्यातल्या एका टेक्सासच्या माणसाचा आवाज तर मला तोंडपाठ झाला होता.

"कॉइल," मी म्हणाले. "गॅसच्या व्हॉल्व्हवरच्या कॉइल. गरम झाल्या की दमतात, गॅस सोडत नाहीत. डिट्टो हीच केस, अंकल. त्या माणसानं तीन मिनिटांत बदलल्या."

"असं?"

"शंभर टक्के."

"पैज?"

मी लगेच हो म्हटलं. पैजेत काय मागायचं ते माझं ठरलेलंच होतं. पुढच्या आठवड्यात क्लबहाउसमध्ये कार्यक्रम होता, त्यात मला त्यांची नक्कल करायची होती, आणि आई म्हणाली होती, त्यांना विचारल्याशिवाय स्टेजवर करशील तर बघ. म्हणून मी म्हणाले, "कॉइल निघाली, तर मी स्टेजवर तुमची नक्कल करणार."

"बरं. आणि नाय निघाली, तर माझ्यापुढं करायची. इथं. मी एकटा बघणार."

एवढंच? मला तर हा फुकटचा सौदा वाटला. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी नकला करते हे त्यांना माहीत आहे.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पूल लाँड्रीच्या खिडकीसमोर आहे, बाय," ते म्हणाले आणि मीटर उचलला. बस, तेवढंच.

मग त्यांनी मला समजावलं, पान्यानं एकेक जागा दाखवत. कॉइल दमली असती तर दांडी पुन्हा लाल झाली असती. गॅस आला नसता म्हणून ज्योत आली नसती, पण दांडी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली असती. इथं ज्योत गेल्यावर दांडी काळीच. "म्हणजे तिला कोणतरी गप बस म्हणतंय." हा कोणीतरी म्हणजे कटआउट, एक नाण्याएवढं बटन. आत गरमी फार झाली की तो सगळं तोडतो, थंड झालं की जोडतो.

"म्हणजे आत गरमी आहे," मी म्हणाले.

"लय आहे. बाहेर जात नाय."

"मग पाइप तुंबला असेल."

डेनिस अंकल इतका वेळ शांत बोलत होते. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "पाइप मी साफ केलाय. महिन्याच्या पहिल्या शनिवारी. दर महिन्याला. रजिस्टरात सही आहे."

"पण समजा…"

"पाइप नाय. कटआउटच उतावळा झालाय."

आणि बुधवारचा उरलेला दिवस आम्ही त्या कटआउटमध्ये घालवला. त्यांच्याकडे जुन्या मशीनमधला एक जपून ठेवलेला होता, डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. तो बसवला. मशीन लावलं. साडेतीनला पेटलं. सहा, सात, आठ. अंधार.

ते भिंतीला टेकून बसले. मी त्यांच्या नकला दोन वर्षं करत होते, पण त्यांचा खांदा असा उतरलेला मी कधी केला नव्हता. मला तो माहीतच नव्हता.

"उद्या," ते म्हणाले. किल्ल्यांच्या जुडग्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता.

घरी मी गप्प होते. आईनं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. आईचं नाव अरुणा. मूळची पुण्याची, बँकेत काम करते आणि एप्रिल आला की तिच्या अंगात येतं. गहू भिजत घालते, तीन दिवसांनी चीक काढते, शिजवते आणि सोऱ्यानं कुरडया घालते. आजूबाजूला विकत मिळतात हे तिला सांगायची सोय नाही.

"या वर्षी पांढऱ्याशुभ्र आल्यात," ती म्हणाली. "सुरुवातीला सारखा कसला तरी कापूस येऊन बसायचा. आता बंदोबस्त केलाय."

मी फक्त हं म्हटलं. तेव्हा जरा कान दिला असता तर. एरवी सगळ्यांचं सगळं ऐकते मी.

गुरुवारी सकाळी नऊला डेनिस अंकल माझ्या आधीच तिथं होते. दार आणि खिडक्या सताड उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेनं लावलेला. ड्रायर भिंतीपासून ओढून त्यांनी मागची जाड नळी सोडवली होती, तीच नळी जी भिंतीतल्या पाइपमध्ये जाते आणि पाइप वर छतातून बाहेर निघतो.

"हे असं चालवायचं नसतं," ते म्हणाले. "जळालेला वायू खोलीत येतो. पाच मिनिटं, बघण्यापुरतं. तू दारात उभी राहा. आणि मोज."

"मी?"

"माझा आवाज बसलाय."

मग मी मोजलं. त्यांच्याच चालीत, त्यांचं एकेक बोट मुडपेल तसं, म्मम्म मरिया. साडेतीनला पेटलं. आठ झाले, ज्योत होती. नऊ. दहा. खोलीत गरम, दमट वाफ पसरली, धुतलेल्या कपड्यांच्या वासाची. पंधरा. वीस. ज्योत हललीसुद्धा नाही. त्यांनी मशीन बंद केलं.

त्यांनी ती सुटी नळी हातात उचलली.

"पाइप," ते म्हणाले.

 'मी म्हणाले होते' हे माझ्या जिभेवर होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

लाँड्रीरूमचं छत सपाट आहे, मागून लोखंडी शिडी जाते. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते चढले. त्यांच्या मागून मी. वर ऊन असं की डोळे उघडेनात. आणि नजर सरावल्यावर जे दिसलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

छतभर प्लॅस्टिक पसरलेलं. त्यावर रांगेनं कुरडया, शेदोनशे तरी, कडेला विटा. आणि मधोमध आमच्या ड्रायरचा पाइप, कंबरेइतका उंच, आणि त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. नाडीनं. परकराच्या नाडीनं, दोन वेढे आणि वर सुरगाठ. आतून लव बसून बसून ते फडकं करड्या उशीसारखं फुगलं होतं.

फडक्याच्या कडेला निळी किनार होती. बाबांचा जुना पंचा. आई त्यात श्रीखंडाचा चक्का टांगते.

मला त्या क्षणी कुणाचाच आवाज काढता आला नसता.

डेनिस अंकलनी सुरगाठ सोडली, फडकं उलटं केलं, झटकलं. लवेचे पुंजके उन्हात उडाले. मग पाइपवर हात धरून त्यांनी आत पाहिलं. "आत स्वच्छ आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा खांदा परत जागेवर आला. मग त्यांनी एक कुरडई उचलली, वास घेतला.

"वैनींना सांग, पाइपाजवळच्या सगळ्या टाकून द्यायच्या. त्यावर गॅसचा धूर बसलाय. खायच्या नाय. त्या टोकाच्या चालतील."

"अंकल, हे…"

"कुणाचं काय माहीत," ते म्हणाले आणि फडक्याची घडी घालून खिशात ठेवली. सगळ्या कंपाउंडमध्ये कुरडया घालणारं घर एक. ते त्यांना कळलं नसेल असं मला एक क्षणही वाटलं नाही.

आम्ही खाली आलो, नळी जोडली, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. साडेअकराला ताहिरभाई आले तेव्हा ड्रममध्ये टॉवेल फिरत होते आणि काचेला हात लावला तर चटका बसत होता.

"अरे वा," ताहिरभाई म्हणाले. "क्या था?"

"ऊपर पाइप बंद था. खोल दिया."

ताहिरभाईंनी खुंटीवरचं रजिस्टर काढलं, पानं उलटली. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "पहिले शनिवार को साफ किया बोल के साइन है आपका." आवाज अजून गोडच होता. "साफ किया तो बंद कैसे हुआ मियाँ? या साफ नई किया?"

डेनिस अंकलनी खिशाला हात लावला, जिथं फडकं होतं. मग हात काढला. मशीन नीट झालं होतं आणि किल्ली तरीही जाणार होती. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलत नव्हते. ते का बोलत नव्हते ते मला माहीत होतं. छतावर जायला कुणालाच परवानगी नाही, आणि ताहिरभाईंनी शिडीला कुलूप लावलं तर आईचा एप्रिल संपला.

"ताहिर अंकल," मी म्हणाले. माझ्या स्वतःच्या आवाजात, तो जरा चिरका निघाला. "वो हमारे घर का कपडा था. पाइप पे. और वो दुआवाली बात भी मैंने फैलाई. मैं नकल करती थी. वो दुआ से मशीन नहीं चलाते, टाइम गिनते हैं."

ताहिरभाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा डेनिस अंकलकडे पाहिलं. मी पळत जाऊन आईला आणलं. गुरुवारी ती घरून काम करते. हातात पेन तसंच, पायात घरच्या चपला.

"मैंने बांधा," आई म्हणाली. आईचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त टोकाला है. "वो रुई उड के मेरे कुरडई पे बैठती थी ना. डेनिसभाऊंनी, मतलब इन्होंने, शनिवार को साफ ही किया था. मैंने मेरे डोळे से देखा. मैंने रविवार को बांधा. इनकी कुछ चूक नहीं है."

"कुरडई क्या?"

"वो गेहूँ का… चीक… वो सोऱ्या से… तलते हैं तो फूलता है." आईनं हातानं फुलवून दाखवलं.

"आप छत पे चढते?"

"नियम में कपडे लिखा है," आई म्हणाली. "कुरडई नहीं लिखा."

ताहिरभाई हसू दाबायला गेले आणि त्यांना खोकला आला. मग ते डेनिस अंकलकडे वळले. "और ये टाइम गिनने का क्या है?"

डेनिस अंकलनी सांगितलं. थोडक्यात, अंडं आणि चूल वगैरे काही नाही. हात पान्यावर, डोळे ज्योतीवर. ताहिरभाईंनी मोबाइल काढला, घड्याळ लावलं. "दिखाओ." ड्रायर बंद केला, गार होऊ दिला, पुन्हा लावला. डेनिस अंकल गुडघ्यांवर बसले आणि शेजारी, आपलं पोट सांभाळत, ताहिरभाई. मी दिवा बंद केला. दोघांच्या तोंडावर लाल उजेड. सात नंबरच्या बाई तेव्हा खिडकीवरून गेल्या असत्या तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

"साडेतीन," डेनिस अंकल म्हणाले आणि फूऽस् झालं.

"बयालीस सेकंड," ताहिरभाई म्हणाले. "फिर से."

दुसऱ्यांदा एक्केचाळीस आले. तिसऱ्यांदा बेचाळीस.

ताहिरभाई उठले, गुडघे झटकले. "साल में एक बार कंपनीवाला आ के चेक करेगा, वो तो करना पडता. बाकी गॅस आप ही देखो. चाबी रख लो. मैं मालिक को बोलता." दारात थांबून ते आईला म्हणाले, "छत पे पाइप से दूर, मॅडम. उस कोने में. और फूलती कैसी है वो मेरे को देखना है."

आईनं पाइपाजवळच्या सगळ्या कुरडया काळ्या पिशवीत भरल्या. पिशवीचं तोंड बांधताना तिचा हात दोनदा थांबला, पण तिनं बांधलं. फडकं तिनं परत मागितलं नाही.

पैज दुपारी चारला फेडायची ठरली. मी लाँड्रीरूममध्ये गेले तेव्हा डेनिस अंकल उलट्या बादलीवर बसले होते, हात मांडीवर, मिस्सेला बसल्यासारखे. ड्रायर रिकामा, गार, दिवा बंद.

"कर," ते म्हणाले.

मी गुडघे टेकले. पूलपाशी हे शंभरदा केलं होतं. पण तिथं ते माझ्यासमोर बसलेले नव्हते. मी पुटपुटायला लागले, म्मम्मम्म मरिया म्मम्म, मान तशीच तिरकी, भुवई तशीच वर. माझ्या मते उत्तम चाललं होतं.

"थांब," ते म्हणाले. मोबाइल त्यांच्या हातात होता, या वेळी घड्याळ लावून. "साडेतीन झाले?"

"झाले."

"एकवीस सेकंड. एवढ्यात तर दांडी नारिंगी पण होत नाय."

"अंकल, नक्कल आहे ती."

"मान बरोबर आहे. भुवई बरोबर आहे. आवाज तर माझ्यापेक्षा बरा आहे," ते म्हणाले. "पण मध्ये मध्ये म्मम्म काय आहे? तिथं शब्द असतात, बाय."

माझ्याकडे शब्द नव्हते. दोन वर्षं मी चाल ऐकली, शब्द ऐकले नव्हते. मी तसं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी हात लांब करून ड्रायरचं बटन दाबलं आणि बादली जरा सरकवून मला जागा केली.

"माझ्यामागून म्हण. सावकाश. पेटलं तर पैज फिटली."

पहिल्यांदा मी तिसऱ्यालाच अडखळले आणि ज्योत माझ्याशिवाय पेटली. त्यांनी मशीन बंद केलं, गार होईपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा बटन दाबलं.